९६ मिलियन डॉलर, गॅरंटी शून्य: डॅरेल रेव्हिसच्या करिअरचं प्रकरण

एप्रिल २०१३. अमेरिकन फुटबॉलमधल्या डॅरेल रेव्हिस नावाच्या कॉर्नरबॅकने, म्हणजे समोरच्याला कॅच घेऊ न देणाऱ्या बचावपटूने, टॅम्पा बे बकनीअर्स या टीमच्या कॉन्ट्रॅक्टवर सही केली. सहा वर्षं, ९६ मिलियन डॉलर, म्हणजे वर्षाला १६, कॉन्ट्रॅक्टच्या सरासरीने त्या वेळी कॉर्नरबॅकला एवढा पगार कुणीच दिलेला नव्हता. आणि त्यात गॅरंटीड रक्कम किती? शून्य. एक डॉलरसुद्धा नाही. त्यात सात महिन्यांपूर्वी या माणसाच्या डाव्या गुडघ्यातलं एसीएल नावाचं लिगामेंट फाटलेलं. लोक म्हणाले की हा वेडा आहे किंवा याच्या एजंटला कळत नाही. मला उलट वाटतं, ते कॉन्ट्रॅक्ट म्हणजे त्याच्या अख्ख्या करिअरमधला सगळ्यात डोकं लावून केलेला व्यवहार होता, आणि तो का ते समजायला जरा मागे जावं लागतं, कारण ही गोष्ट २०१३ मध्ये सुरू होत नाही, ती सुरू होते त्याच्या मामापासून.

पण आधी एक गोष्ट क्लिअर करू, कारण आपल्याकडे अमेरिकन फुटबॉल बघणारे कमी. (न्यू जर्सीतल्या आपल्या लोकांना सांगायला नको, रेव्हिस ज्यांच्याकडून जास्त खेळला त्या न्यूयॉर्क जेट्सचं स्टेडियम ईस्ट रदरफर्डला आहे, एडिसनपासून फार लांब नाही, निम्म्या ऑफिसचे लोक सोमवारी सकाळी त्यांच्याच नावाने रडत असतात.) एनएफएल या तिथल्या लीगमध्ये कॉन्ट्रॅक्टचा जो आकडा पेपरात छापून येतो तो बहुतेक वेळा शोभेचा असतो. टीमला वाटलं तर ती खेळाडूला मध्येच सोडून देते आणि उरलेल्या वर्षांचा पगार तिथेच संपतो. बेसबॉल किंवा बास्केटबॉलमध्ये असं सहसा होत नाही, तिकडे सही केली की पैसे जवळपास पक्के. फुटबॉलमध्ये पक्कं काय, तर साइनिंग बोनस आणि जेवढ्या रकमेवर गॅरंटी लिहिलीये तेवढंच. वर सॅलरी कॅप आहे, म्हणजे टीमने वर्षाला किती खर्च करायचा त्यावर मर्यादा. साइनिंग बोनस कॅपच्या हिशोबात वर्षांवर वाटला जातो, त्यामुळे बोनस दिलेला खेळाडू मध्येच काढला तर न मोजलेला हिस्सा टीमच्या बोकांडी बसतो, त्याला डेड मनी म्हणतात. हे डेड मनी प्रकरण लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आणि तिसरी गोष्ट फ्रँचायझ टॅग. कॉन्ट्रॅक्ट संपलेला खेळाडू मोकळा व्हायच्या आधी टीम दरवर्षी एकावर हा टॅग लावू शकते, मग तो एक वर्ष ठरलेल्या पगारावर तिथेच अडकतो. पगार चांगला असतो, पण एकच वर्ष, आणि त्या वर्षात गुडघा गेला की विषय संपला.

आता मामा. शॉन गिल्बर्ट, एनएफएलमध्ये डिफेन्सिव्ह लाइनमन. १९९७ मध्ये वॉशिंग्टनने त्याच्यावर टॅग लावला, त्याला तो पटला नाही, आणि हा पठ्ठ्या अख्खं वर्ष घरी बसला. एकही मॅच खेळला नाही, एक पैसाही घेतला नाही. १९९८ मध्ये कॅरोलायना पँथर्सनी त्याच्यासाठी पहिल्या राउंडचे दोन ड्राफ्ट पिक (कॉलेजमधले नवे खेळाडू निवडायचे हक्क) मोजले आणि त्याला सात वर्षांचं ४६.५ मिलियनचं कॉन्ट्रॅक्ट दिलं. रेव्हिस तेव्हा बारा-तेरा वर्षांचा. घरातलाच माणूस टीमला नाही म्हणतो, वर्षभर थांबतो आणि जिंकतो, हे त्याने त्या वयात बघितलंय. त्यामुळे पुढे न्यूयॉर्कच्या पेपरांनी त्याला जेव्हा जेव्हा लोभी म्हटलं तेव्हा मला कायम वाटायचं की अरे त्याच्या घरात ही गोष्ट जेवताना बोलली गेली असणार.

गाव अॅलिक्विपा, पेन्सिल्व्हेनियात पिट्सबर्गच्या जवळ, ओहायो नदीच्या काठावर. एकेकाळी जोन्स अँड लॉफलिनची प्रचंड स्टील मिल, ८० च्या दशकात ती बसली आणि गावही बसलं. गिरण्या बंद झाल्यावर गिरणगावाचं काय झालं ते ज्यांनी पाहिलंय त्यांना वेगळं सांगायला नको. पण या एवढ्याशा गावाने फुटबॉलला माइक डिट्का दिला, टाय लॉ दिला, नंतर हा. २००३ च्या शाळेच्या राज्य फायनलमध्ये रेव्हिसने एकट्याने पाच टचडाउन (बॉल समोरच्यांच्या शेवटच्या रेघेपलीकडे नेणं) केले, धावून, किक परत आणून, ब्लॉक झालेला बॉल उचलून, जमेल तसे. मग पिट्सबर्ग युनिव्हर्सिटीत तीन वर्षं, आणि २००७ च्या ड्राफ्टमध्ये न्यूयॉर्क जेट्सनी कॅरोलायनाशी सौदा करून वर सरकून त्याला चौदाव्या नंबरला उचललं.

आणि पहिल्याच वर्षी कॅम्प सुरू झाला तेव्हा साहेब हजर नाहीत! जवळपास तीन आठवडे होल्डआउट, म्हणजे सौदा होईपर्यंत बहिष्कार. बावीस वर्षांचा पोरगा, लीगमध्ये एकही मॅच खेळलेला नाही, आणि कॉन्ट्रॅक्टची लांबी पटत नाही म्हणून घरी. शेवटी सहा वर्षांचं, सगळ्या अटी पुऱ्या झाल्या तर ३६ मिलियनपर्यंत जाणारं कॉन्ट्रॅक्ट झालं. ते पुढे अडचणीचं ठरणार होतं.

आता हा माणूस मैदानावर नक्की काय करायचा ते सांगतो, नाहीतर पैशाचा मुद्दा कळणारच नाही.

कॉर्नरबॅकचं काम समोरच्या रिसीव्हरला कॅच घेऊ न देणं. रिसीव्हरला माहीत असतं तो कुठे पळणार, कॉर्नरला माहीत नसतं, आणि कॉर्नरने बराच वेळ उलटं पळायचं असतं. पहिल्या पाच यार्डांत तो रिसीव्हरला हाताने अडवू शकतो, त्यानंतर हात लावला की फाऊल. म्हणून बहुतेक टीम कॉर्नरच्या मागे एक सेफ्टी ठेवतात, समजा रिसीव्हर निसटला तर मागे कुणीतरी असावं. रेव्हिसच्या मागे कुणी नसायचं. २००९ मध्ये रेक्स रायन जेट्सचा कोच झाला आणि त्याने सरळ हिशोब केला: समोरच्या टीमचा सगळ्यात भारी रिसीव्हर रेव्हिसला द्यायचा, तो उजवीकडे गेला तर रेव्हिस उजवीकडे, डावीकडे गेला तर डावीकडे, आणि त्याच्या मदतीला जो सेफ्टी लागला असता तो मोकळा सोडून क्वार्टरबॅकच्या, म्हणजे बॉल फेकणाऱ्याच्या, अंगावर धाडायचा. म्हणजे एका माणसामुळे डिफेन्सला अकराचे बारा झाल्यासारखं.

जवळून बघितलं तर तो काय करायचा तर रिसीव्हरच्या तोंडासमोर हातभर अंतरावर उभा राहायचा, गुडघे वाकवलेले, हात खाली सैल. बॉल सुटला की लगेच अंगावर जायचा नाही, पाय आखूड आखूड टाकत रिसीव्हरने पहिली खरी चाल करेपर्यंत थांबायचा, आणि त्याने बाजू निवडली की एका हाताने छातीवर दाब देऊन त्याला साइडलाइनकडे ढकलत न्यायचा. साइडलाइन ओलांडली की खेळ संपतो, म्हणजे ती पांढरी रेघ हा त्याचा दुसरा डिफेंडर. तिथून पुढे कमरेला कमर लावून पळायचं, बॉलकडे बघायचंच नाही, रिसीव्हरचे हात वर गेले की तेव्हा मान वळवायची आणि मध्ये हात घालायचा. तो काही लीगमधला सगळ्यात फास्ट नव्हता. पण फसायचा नाही. रिसीव्हर खांद्याने, डोक्याने, नजरेने हूल द्यायचे आणि याची कंबर हलायचीच नाही.

२००९ चे आकडे बघा. ह्यूस्टनचा आंद्रे जॉन्सन, चार कॅच ३५ यार्ड. पुढच्या आठवड्यात न्यू इंग्लंडचा रँडी मॉस, चार कॅच २४ यार्ड. टेरेल ओवेन्स, तीन कॅच १३. कॅरोलायनाचा स्टीव्ह स्मिथ, एक कॅच ५ यार्ड. सीझनच्या शेवटच्या मॅचला सिनसिनाटीचा चॅड ओचोसिंको, शून्य. ही सगळी त्या काळातली दादा माणसं, एखाद्या दिवशी शंभर यार्ड सहज काढणारी. रेव्हिसने त्या सीझनला ३१ पास तोडले आणि ६ इंटरसेप्शन (समोरच्यांचा पास स्वतःच पकडणं) घेतली. लोक त्याच्या बाजूला ‘रेव्हिस आयलंड’ म्हणायला लागले, गेला तो परत येत नाही. आणि गंमत म्हणजे त्याचं सगळ्यात मोठं काम आकड्यांत दिसतच नाही, कारण क्वार्टरबॅक तिकडे बॉल टाकायचेच नाहीत. जॉन्टी ऱ्होड्स पॉइंटला उभा असला की बॅट्समन तिकडे एकेरी चोरायचा विचार सोडून द्यायचे ना, तसं. न काढलेली धाव स्कोअरबुकात कुठे लिहितात? म्हणून अशा माणसाची किंमत ठरवणं अवघड, आणि म्हणूनच ती किंमत स्वतः रेटून सांगायला लागते. बेस्ट डिफेन्सिव्ह प्लेयरचं अवॉर्डही त्या वर्षी ग्रीन बेच्या चार्ल्स वुडसनला गेलं, रेव्हिस दुसरा. वुडसन भारी होताच, पण २००९ चा रेव्हिस दुसरा कसा काय हे मला अजून पचलेलं नाही.

जेट्स त्या वर्षी ९-७ (नऊ विजय, सात हार) असूनही कॉन्फरन्स फायनलपर्यंत गेले, म्हणजे लीगच्या फायनलच्या, सुपर बोलच्या, एक पाऊल अलीकडे. वाटेत सॅन दिएगोला व्हिन्सेंट जॅक्सनवर रेव्हिसने घेतलेलं इंटरसेप्शन बघण्यासारखं आहे, जॅक्सन पडलेला, बॉल त्याच्या पायावर आपटून वर आणि तिथून याच्या हातात.

आता २०१०. जुन्या कॉन्ट्रॅक्टप्रमाणे त्याचा त्या वर्षीचा पगार होता जेमतेम १ मिलियन. आणि ओकलंडने नामदी असोमुआ नावाच्या कॉर्नरला आदल्याच वर्षी तीन वर्षांचे ४५.३ मिलियन दिलेले. रेव्हिसचं म्हणणं साधं, मी त्याच्यापेक्षा चांगला आहे तर मला त्याच्यापेक्षा जास्त द्या. जेट्स म्हणाले तुझं कॉन्ट्रॅक्ट अजून शिल्लक आहे. दोघंही आपापल्या जागी बरोबर, आणि ऑगस्टभर हा घरी. त्यात त्या वर्षी जेट्सच्या कॅम्पवर टीव्हीवाल्यांची सिरीज चालू, त्यामुळे हे सगळं अमेरिकाभर घराघरात. एजंटांशी बोलणी कॅट्सकिल डोंगरांकडच्या रॉस्को नावाच्या छोट्या गावातल्या हायवेवरच्या डायनरमध्ये झाली, आणि सीझन तोंडावर आला तेव्हा मालक वुडी जॉन्सन आणि कोच रायन स्वतः उठून रेव्हिसला भेटायला गेले. अब्जाधीश मालक स्वतः जाऊन खेळाडूची समजूत काढतोय, हे चित्रच सांगतं की दोरी कुणाच्या हातात होती. पहिल्या मॅचच्या आठवडाभर आधी सौदा झाला. चार वर्षं, ४६ मिलियन, त्यातले ३२ गॅरंटीड.

पेपरांनी ४६ आणि ३२ हे दोन आकडे छापले. खरी मजा खाली होती. जवळपास सगळी मलई पहिल्या दोन वर्षांत, साधारण ३२.५ मिलियन २०१० आणि २०११ मध्येच हातात, नंतरच्या दोन वर्षांचा पगार मग अगदीच कमी. जेट्सनी अट टाकली की परत होल्डआउट केलास तर मागे लावलेली आणखी तीन वर्षं लागू होतील, तीही स्वस्तात. बदल्यात रेव्हिसच्या एजंटांनी, नील श्वार्ट्झ आणि जोनाथन फाइनसॉड यांनी, एक ओळ घालून घेतली: हे कॉन्ट्रॅक्ट संपल्यावर जेट्स त्याच्यावर फ्रँचायझ टॅग लावू शकणार नाहीत. मामाला जी गोष्ट अख्खं वर्ष घालवून मिळवावी लागली ती भाच्याने एका ओळीत घेतली. माझ्या मते या पूर्ण प्रकरणातली सगळ्यात महागडी ओळ ही. आणि ती देताना जेट्सना तिची किंमत कळली नव्हती असं मला वाटतं, कारण २०१४ तेव्हा फार लांब होतं.

होल्डआउटची किंमतही मोजावी लागली. दुसऱ्याच आठवड्यात न्यू इंग्लंडविरुद्ध रँडी मॉसने त्याच्या डोक्यावरून एका हाताने टचडाउन घेतला आणि हॅमस्ट्रिंग (मांडीमागचा स्नायू) धरत रेव्हिस बाहेर. कॅम्प न करता थेट मॅच खेळलास की असंच होतं, असं सगळे म्हणाले, आणि त्यात तथ्य असणार. तरी जेट्स ती मॅच जिंकले, आणि त्या सीझनलाही परत कॉन्फरन्स फायनलला जाऊन पिट्सबर्गकडून हरले. २०११ मध्ये मायामीविरुद्ध सोमवारच्या रात्री त्याने १०० यार्ड पळत इंटरसेप्शनचा टचडाउन केला. तो फॉर्म म्हणजे शिखर.

मग २३ सप्टेंबर २०१२, मायामी. कुणाचा धक्का नाही, टक्कर नाही, पळता पळता पाय रोवला आणि गुडघा गेला. सीझन खलास.

इथे जेट्सच्या जागी बसून विचार करा. नवीन जनरल मॅनेजर (जीएम) जॉन इडझिक आलाय. रेव्हिसचं एक वर्ष बाकी, गुडघा ऑपरेशन झालेला, वर्षाने तो मोकळा होणार आणि टॅग लावता येत नाही, म्हणजे हातात काहीच न येता निघून जाणार. त्याला पाहिजे ते द्या नाहीतर आत्ताच विका, तिसरा रस्ता नाही. २१ एप्रिल २०१३ ला त्यांनी विकला. बदल्यात टॅम्पाचा त्या वर्षीचा पहिल्या राउंडचा पिक, तेरावा, आणि पुढच्या वर्षी चौथ्या राउंडचा, रेव्हिस तेव्हा टॅम्पाच्या रोस्टरवर, म्हणजे टीमच्या यादीत, राहिला तर तिसऱ्या राउंडचा. त्या तेराव्या पिकवर जेट्सनी शेल्डन रिचर्डसन घेतला आणि तो लीगचा बेस्ट डिफेन्सिव्ह रुकी (पहिल्या वर्षाचा खेळाडू) ठरला. म्हणजे जेट्सनी सौदा वाईट केला असं म्हणता येत नाही, चाहते काहीही म्हणोत.

आता आपण मूळ मुद्द्यावर आलो. टॅम्पाचं ९६ मिलियनचं कॉन्ट्रॅक्ट, दरवर्षी १३ मिलियन पगार, दीड मिलियन रोस्टर बोनस, दीड मिलियन वर्कआउट बोनस, साइनिंग बोनस नाही, गॅरंटी नाही. टॅम्पाला वाटलं आपण सेफ, गुडघा बरा झाला नाही तर काढून टाकू, डेड मनी शून्य. बरोबरच. पण हेच उलट्या बाजूने वाचा. साइनिंग बोनस नाही म्हणजे टीमला याला धरून ठेवायचं कारणही नाही. आणि १६ मिलियन हा आकडा एवढा फुगलेला की दरवर्षी मार्चमध्ये टॅम्पाला ठरवावं लागणार, एवढे द्यायचे की सोडायचं. द्या, तर हा लीगमधला सगळ्यात महाग कॉर्नर. सोडा, तर हा ऐन बाजाराच्या सुरुवातीला मोकळा, टॅग न लागता, बत्तीस टीमना बोलवायला तयार. त्याने सहा वर्षांच्या नावाखाली एकेक वर्षाची सहा कॉन्ट्रॅक्ट केली होती, आणि बाहेर पडायचा दरवाजा टीमने उघडला तरी फायदा त्याचाच. यात एकच गृहीत होतं की गुडघा साथ देईल. हे धाडस होतं हे मान्य करावं लागेल, दुसरं ऑपरेशन झालं असतं तर हाच लेख ‘लोभाची गोष्ट’ म्हणून कुणीतरी लिहिला असता.

टॅम्पातलं ते वर्ष फुकट गेलं. कोच ग्रेग शियानो, टीम ४-१२, आणि रेव्हिसला बऱ्याचदा झोनमध्ये उभं केलं, म्हणजे रिसीव्हरच्या मागे लागायचं सोडून जागा सांभाळ. १६ मिलियन देऊन हे का करायचं हे त्यांनाच माहीत. तरीही प्रो बोलला, म्हणजे लीगच्या ऑल-स्टार मॅचला, निवड झाली. सीझननंतर कोच गेला, जीएम मार्क डॉमिनिक गेला, नवीन कोच लव्ही स्मिथची तर अख्खी ओळखच झोन डिफेन्स. १२ मार्च २०१४ ला दीड मिलियनच्या रोस्टर बोनसची वेळ टळायच्या आत त्यांनी त्याला सोडलं. जेट्सना जाणारा पिकही त्यामुळे तिसऱ्याचा चौथा झाला. टॅम्पाचा हिशोब: पहिल्या राउंडचा पिक, चौथ्या राउंडचा पिक, १६ मिलियन रोख, आणि मिळालं काय तर ४-१२ चा एक सीझन.

त्याच दिवशी, म्हणजे संध्याकाळपर्यंत, न्यू इंग्लंड पेट्रियट्स. जेट्सचे कट्टर वैरी, कोच बिल बेलिचिकची टीम. कागदावर दोन वर्षं ३२ मिलियन. खरं तर एक वर्ष १२ मिलियन, दुसऱ्या वर्षाला २० मिलियनचा ऑप्शन आणि कॅपवर २५ चा आकडा, जो बेलिचिक भरणार नाही हे दोन्ही बाजूंना पक्कं माहीत. कॅपचा हिशोब जमवायला दुसरं वर्ष लावलेलं, बाकी काही नाही. इथे त्याने ४ मिलियन कमी घेतले, हे लोक विसरतात. त्याच्याकडे पैसा होता, सुपर बोल जिंकणाऱ्यांना मिळते ती अंगठी नव्हती, आणि अंगठी जिथे मिळते तिथे तो गेला. बेलिचिकने त्याला परत रिसीव्हरच्या मागे लावलं, कधी पहिल्या नंबरच्या, कधी मुद्दाम दुसऱ्या नंबरच्या, म्हणजे पहिल्यावर दोन माणसं लावता येतील. रेव्हिस पुन्हा ऑल-प्रो, म्हणजे सीझनच्या सर्वोत्तम खेळाडूंच्या यादीत.

१ फेब्रुवारी २०१५ ला अॅरिझोनात सिअॅटलविरुद्ध सुपर बोल. डग बाल्डविनने त्या अख्ख्या मॅचमध्ये एक कॅच घेतला, तीन यार्डांचा, टचडाउनचा, आणि तोही रेव्हिसवर, कारण त्याच्या मागे पळताना मध्ये अंपायरच आडवा आला! सिअॅटल २४-१४ ने पुढे. मग न्यू इंग्लंडचा क्वार्टरबॅक टॉम ब्रेडी, मग शेवटच्या क्षणी एक यार्डावर माल्कम बटलरचं इंटरसेप्शन, २८-२४. ज्या दुसऱ्या कॉर्नरचं नाव आधी कुणाला माहीत नव्हतं तो हिरो, आणि सगळ्यात महागडा कॉर्नर बाजूला टाळ्या वाजवतोय. पण अंगठी दोघांनाही सारखीच मिळते.

आणि आता पुढचा अंक बघा. डिसेंबर २०१४ मध्येच वुडी जॉन्सन पत्रकारांसमोर बोलून गेला की रेव्हिस परत आला तर मला आवडेल. दुसऱ्या टीमच्या खेळाडूबद्दल असं बोलणं नियमात बसत नाही, पेट्रियट्सनी तक्रार केली आणि लीगने जेट्सना १ लाख डॉलर दंड केला. मालकाने स्वतःच जाहीर सांगितलं की आम्हाला हा हवाय, मग एजंटला आणखी काय पाहिजे! मार्च २०१५, न्यू इंग्लंडने ऑप्शन सोडला, आणि जेट्सनी पाच वर्षं ७० मिलियन दिले. या वेळी गॅरंटी ३९. कसे? १६ पहिल्या वर्षी पूर्ण, १७ दुसऱ्या वर्षी पूर्ण, आणि तिसऱ्या वर्षातले ६.

इथे मला तो माणूस पूर्ण कळला. २०१३ मध्ये तो सत्तावीस वर्षांचा होता, गुडघा बरा होणार यावर विश्वास होता, तेव्हा गॅरंटी सोडून स्वातंत्र्य घेतलं. २०१५ मध्ये तो तिशीला टेकलेला, कॉर्नरचे पाय तिशीनंतर काय करतात हे त्याला माहीत, तेव्हा स्वातंत्र्य सोडून गॅरंटी घेतली. आणि टायमिंग बघा किती अचूक. २०१५ ठीक गेलं, पाच इंटरसेप्शन, प्रो बोल, टीम १०-६. पण ह्यूस्टनला डीआंद्रे हॉपकिन्सने त्रास दिला, आणि शेवटच्या मॅचला बफेलोच्या सॅमी वॉटकिन्सने ११ कॅचमध्ये १३६ यार्ड काढले, बरेचसे रेव्हिसवर, आणि ती मॅच हरून जेट्स प्लेऑफच्या बाहेर. २०१६ च्या पहिल्याच मॅचला सिनसिनाटीच्या ए जे ग्रीनचे १२ कॅच १८० यार्ड. ज्या माणसाने याच टीमच्या ओचोसिंकोला सात वर्षांपूर्वी शून्यावर बसवलं होतं त्याच्या पुढून ग्रीन सरळ पळून गेला. बघवत नव्हतं खरं. टीम ५-११. २०१७ च्या मार्चपर्यंत जेट्सनी त्याला सोडून दिलं, तरी ते ६ मिलियन द्यावेच लागले, त्यासाठीच तर गॅरंटी लिहून घेतलेली. नोव्हेंबरात कॅन्सस सिटी चीफ्सनी घेतलं, साखळीतल्या पाच मॅच आणि एक प्लेऑफ, टेनेसीकडून २२-२१ हार, आणि जुलै २०१८ ला रिटायरमेंट.

बेरीज करू. टॅम्पाचं कॉन्ट्रॅक्ट जसंच्या तसं चाललं असतं तर पहिल्या चार वर्षांत, २०१३ ते २०१६, त्याला ६४ मिलियन मिळाले असते. प्रत्यक्षात टॅम्पाचे १६, न्यू इंग्लंडचे १२, जेट्सचे १६ आणि १७, म्हणजे ६१. फक्त ३ मिलियनचा फरक. वर ते गॅरंटीचे ६. म्हणजे ‘शून्य गॅरंटी’वाल्या कॉन्ट्रॅक्टमधले चार वर्षांचे पैसे तीन वेगवेगळ्या टीमकडून जवळपास पूर्ण वसूल झाले, मध्ये सुपर बोल मिळाला, आणि ज्या टीमने विकलं तिनेच परत चढ्या भावाने घेतलं. पूर्ण करिअरची कमाई १२० मिलियनच्या पुढे. कॉर्नरबॅकसाठी त्या काळात हे अफाटच.

नाव खराब झालं का? झालं. भाडोत्री म्हणायचे लोक, आणि न्यू इंग्लंडला गेल्यावर जेट्सच्या चाहत्यांनी जे काही ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण २०२२ मध्ये त्याच जेट्सनी त्याचं नाव रिंग ऑफ ऑनरमध्ये, म्हणजे टीमच्या मानकऱ्यांत, लावलं, आणि २०२३ मध्ये पहिल्याच संधीत हॉल ऑफ फेम. त्याच वर्षीच्या यादीत राँडे बार्बरही होता, तोही कॉर्नरबॅक, सोळा सीझन फक्त आणि फक्त टॅम्पात, रेव्हिस टॅम्पात आला त्याच उन्हाळ्यात रिटायर झालेला. बार्बरला काही वर्षं थांबावं लागलं, रेव्हिसला नाही. मतदारांनी निष्ठेला मार्क दिले नाहीत, खेळाला दिले, आणि मला ते बरोबर वाटतं. २९ इंटरसेप्शन हा रेव्हिसचा आकडा हॉल ऑफ फेमच्या कॉर्नरसाठी कमीच आहे, बार्बरची ४७ आहेत. पण बॉलच येत नसेल तर पकडणार काय.

हे मॉडेल सगळ्यांना जमेल असं मात्र नाही. नामदी असोमुआचंच बघा, ज्याच्या पगाराकडे बोट दाखवून रेव्हिसने २०१० चं भांडण केलं. २०११ मध्ये फिलाडेल्फियाने त्याला पाच वर्षं ६० मिलियन दिले, तिथली सिस्टीम त्याच्या खेळाला मानवली नाही, दोन वर्षांत सोडलं, २०१३ संपायच्या आत तो रिटायर. रेव्हिसलाही टॅम्पात सिस्टीम मानवली नव्हती, पण तो एका वर्षात बाहेर होता आणि बाहेर पडताना त्याच्याकडे बेलिचिक वाट बघत होता. ही अदलाबदल करायची तर आधी एवढं चांगलं असावं लागतं की एका टीमने सोडलं की दुसरी त्याच दिवशी दारात उभी राहील. असे खेळाडू एका वेळी लीगमध्ये दोन-तीन असतात.

जेट्सनी पुढे २०२२ मध्ये ड्राफ्टमध्ये चौथ्या नंबरला सॉस गार्डनर हा कॉर्नरबॅक घेतला, त्यालाही रेव्हिसच्याच तराजूत तोललं गेलं. जुलै २०२५ मध्ये त्याला चार वर्षांचं १२०.४ मिलियनचं एक्स्टेन्शन दिलं, गॅरंटी ८५ च्या वर. आणि नोव्हेंबरात, म्हणजे चारच महिन्यांत, इंडियानापोलिसला पाठवूनही दिला, पहिल्या राउंडच्या दोन पिकांच्या बदल्यात. फरक एवढाच की त्याला नवीन टीमशी परत घासाघीस करावी लागली नाही, कारण ट्रेड झाला की गॅरंटीसकट कॉन्ट्रॅक्ट खेळाडूबरोबर जातं आणि बिल नवीन टीम भरते.